लाडवाच्या डब्यावरचे 'गिफ्ट'

संपादकताईंचा फोन आला की मी सहसा स्वयंपाकाचे निमित्त सांगून सुटका करून घेते. या वेळी मात्र त्यांनी आधीच बजावले, "पाककृती नको, ती गिफ्टच्या डब्याची गोष्ट लिहून द्या." मंडळाच्या हळदीकुंकवाला मी ती गोष्ट सांगितली होती खरी, पण निम्म्या जणी तेव्हा तिळगुळाच्या रांगेत होत्या. म्हणून पुन्हा एकदा, आणि या वेळी वाचनालयात बसून थोडा अभ्यास करून.

२०१७ च्या जूनमध्ये आम्ही दोघे स्वीडनला गोथेनबर्गला गेलो. तिथली माणसे आपल्या गावाला 'योतेबोरी' असे काहीतरी म्हणतात. 'ग' लिहायचा आणि 'य' म्हणायचा, ही त्यांची खोड लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. आमच्या धाकट्या लेकीने तिथला मुलगा पसंत केला होता आणि आम्ही होणाऱ्या व्याह्यांना भेटायला चाललो होतो. रिकाम्या हाताने कसे जायचे? मी बेसनाचे लाडू केले, डबा सोनेरी कागदात बांधला आणि कार्डांच्या दुकानातून आणलेले 'गिफ्ट' असे ठळक अक्षरांत छापलेले लेबल त्यावर चिकटवले.

व्याह्यांच्या घरी चपला-बूट दारातच काढायची पद्धत निघाली, त्यामुळे माझा जीव जरा भांड्यात पडला. दारात त्यांचा सहा-सात वर्षांचा नातू उभा होता. नुकताच वाचायला शिकलेला, त्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचायचा. मी डबा पुढे केला. त्याने लेबल वाचले, "यिफ्त!" आणि पुढे केलेले दोन्ही हात पाठीमागे नेले. मग आजीला हळूच काहीतरी विचारले. क्षणभर कोणी बोलेना. शेवटी आमचे होणारे जावईच लाजत म्हणाले, "तो विचारतोय, या डब्यात विष आहे का?"

विहीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी आम्हाला बसवून नीट समजावून सांगितले. स्वीडिश भाषेत 'गिफ्त' असे लिहून 'यिफ्त' म्हणतात आणि त्याचा एक अर्थ विष. दुसरा अर्थ 'विवाहित'. लग्न झालेले, ते 'यिफ्त'. न झालेले, ते 'उयिफ्त'. आमचे हे चटकन म्हणाले, "मग बरं आहे की, एका शब्दात दोन्ही कामं भागली!" व्याही इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. नंतर कळले, हा विनोद स्वीडनमध्ये दर पिढीला नव्याने सुचतो. लाडू मात्र पहिल्या बैठकीतच संपले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती हळदीकुंकवापुरतीच होती. पण मी बावीस वर्षे हॉस्पिटलच्या औषधविभागात नोकरी केली आहे. विष आणि देणगी एका शब्दात कशी राहिली, हे मला स्वस्थ बसू देईना. वाचनालयातले शब्दांच्या व्युत्पत्तीचे जाडजूड खंड काढले. त्यातून जे हाती लागले ते असे.

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्या एका घरच्या बहिणी. त्यांच्या मूळ घरी 'देणे' या अर्थाचा एक धातू होता. त्याचे इंग्रजीत 'गिव्ह' झाले, जर्मनमध्ये 'गेबेन', डचमध्ये 'गेव्हेन', स्वीडिशमध्ये 'यीवा' आणि बोलताना नुसते 'ये'. या धातूला शेवटी 'त' जोडला की 'देण्याची क्रिया' किंवा 'दिलेली गोष्ट' असे नाम होते. इंग्रजीत 'ड्राइव्ह'वरून 'ड्रिफ्ट' आणि 'थ्राइव्ह'वरून 'थ्रिफ्ट' झाले, तसेच 'गिव्ह'वरून 'गिफ्ट'. म्हणजे शब्द अगदी साधा, आपल्या 'देणे'वरून 'देणगी' व्हावी तसा. पण काय दिले, कोणी दिले आणि कोणाला, यावर प्रत्येक बहिणीचा संसार निराळा झाला.

इंग्रजीचेच पाहा. आपल्याला वाटते, इथे 'गिफ्ट' म्हणजे पहिल्यापासून वाढदिवसाची भेट. तसे नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द सापडतो तो वधूसाठी द्यायच्या रकमेच्या अर्थाने, आणि त्याचे अनेकवचन म्हणजे लग्न! उच्चारही 'य'नेच व्हायचा. मग उत्तरेकडून व्हायकिंग आले, इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात स्थायिक झाले आणि त्यांच्या बोलीतला कडक 'ग' आणि 'दिलेली वस्तू' हा मोकळा अर्थ इंग्रजीत शिरला. तरी लंडनकडची मंडळी बराच काळ जुने सोडायला तयार नव्हती. चौदाव्या शतकातला चॉसर 'य'चेच रूप लिहितो. अंड्याच्या 'एग' या शब्दाचेही असेच. तोही उत्तरेकडून आलेला. विल्यम कॅक्स्टन या इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकाने १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत हकिगत दिली आहे की थेम्सच्या काठी एका प्रवाशाने 'एग्ज' मागितली, तर घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तिच्या बोलीत अंड्यांना 'एयरेन' म्हणत. सोलापूरच्या माणसाने सावंतवाडीत जाऊन बोलावे, तसा प्रकार.

आता विष. ते जर्मन घरातून आले आणि त्याचे मूळ मला माझ्या नोकरीतच सापडले, याचा मला फार आनंद झाला. ग्रीक वैद्य औषधाच्या एका वेळच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत. दोसिस म्हणजे 'देणे', एका वेळी द्यायचे तेवढे. तोच शब्द लॅटिनमार्गे सगळ्या युरोपात 'डोस' होऊन पसरला. जर्मन बोलणाऱ्यांनी फार जुन्या काळी या ग्रीक शब्दाच्या वळणावर आपल्या 'गिफ्ट'लाही तोच अर्थ दिला, वैद्याने दिलेली मात्रा. पुढे 'दिलेली मात्रा' याचा अर्थ 'दिलेली वाईट मात्रा' असा झाला. का झाला, ते आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्या गावाकडे कोणी अचानक आजारी पडला की म्हाताऱ्या दबल्या आवाजात विचारतात ना, "कुणी काही दिलं-बिलं तर नाही?" काय दिले ते कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना कळते. वाईट गोष्टीचे नाव घ्यायचे टाळले की 'देणे'सारखा गरीब शब्दसुद्धा विषारी होतो. जर्मनमध्ये आज 'गिफ्ट' म्हणजे फक्त विष. भेटवस्तूला ते 'गेशेंक' म्हणतात.

सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाचा वैद्य होऊन गेला. १५३८ मध्ये त्याने आपल्या टीकाकारांना उत्तर देताना जर्मन भाषेत लिहिले, त्याचा भावार्थ असा की प्रत्येक पदार्थ विषच असतो, तो विष ठरत नाही तो केवळ मात्रेमुळे. औषधविभागात आम्हाला हे पहिल्या आठवड्यात शिकवले जायचे. पण त्या वाक्यातली गंमत मला आता कळली. त्याने मात्रेसाठी ग्रीक 'दोसिस' वापरला आणि विषासाठी जर्मन 'गिफ्ट'. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, 'देणे'. एकच शब्द दोन भाषांतून येऊन स्वतःशीच भांडत बसला आहे.

जर्मनमध्ये जुना अर्थ एका कोपऱ्यात मात्र शिल्लक राहिला. 'मिटगिफ्ट', म्हणजे मुलीबरोबर दिलेले. हुंडा म्हणा, आंदण म्हणा. आजच्या जर्मन कानाला त्या शब्दात 'बरोबर' आणि 'विष' हे दोन तुकडे ऐकू येतात. भारतात १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला. त्यानंतरही जळालेल्या सुनांच्या बातम्या वाचत आमची पिढी मोठी झाली, त्यामुळे हा शब्द पाहून मला हसू आले नाही.

डच लोक व्यवहारी. त्यांनी एका घरात दोन चुली केल्या. देणगीला 'गिफ्ट' ठेवले आणि विषातला 'त' काढून त्याला 'गिफ' केले. स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वेकडे विषाचा अर्थ जर्मन भाषेच्या संसर्गाने गेला. त्या काळी बाल्टिक समुद्रावरचा व्यापार उत्तर जर्मनीच्या हान्सा व्यापाऱ्यांच्या हातात होता आणि मालाबरोबर त्यांचे शब्दही बंदरात उतरत. लग्नाचा अर्थ मात्र त्यांचा घरचाच. म्हणून तिघींकडे दोन्ही अर्थ एकाच दारातून ये-जा करतात. आइसलँड समुद्रात लांब पडले, तिथे विषाला आजही जुना 'एय्तुर' हाच शब्द आहे. तिथे 'गिफ्ता' म्हणजे लग्न लावणे, आणि त्याच रूपाचे नाम आहे त्याचा अर्थ भाग्य! दैवाने दिलेले ते भाग्य. देणगी, विष, लग्न आणि नशीब, एका शब्दाची चार घरे.

आपण यावर फार हसू नये. मराठी मुलाला 'शिक्षा' झाली की आई रडते आणि हिंदी मुलाला 'शिक्षा' मिळाली की आई पेढे वाटते. विहीणबाईंनी विचारले, तुमच्या भाषेत गिफ्टला काय म्हणतात? मी म्हटले, 'भेट'. आणि माणसे एकमेकांना भेटतात तीही भेटच. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. घरी मुले सर्रास 'गिफ्ट'च म्हणतात, हे मी सांगितले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लग्न इथे इंग्लंडमध्ये, आपल्या पद्धतीने करायचे ठरले. फेब्रुवारीत लेकीचा फोन आला. "आई, अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी सगळं करा. पण कन्यादान नको. मी वस्तू नाही कोणाला द्यायला." फोन स्पीकरवर होता. हे काही बोलले नाहीत, उठून गॅरेजमध्ये गेले आणि दोन तास तिथेच काहीतरी ठोकत बसले.

त्यांची बाजूही सांगायला हवी. यांच्या थोरल्या बहिणीचे लग्न साताऱ्याला झाले तेव्हा हे अकरा वर्षांचे होते. वडील आदल्या वर्षी गेलेले. कन्यादान काका-काकूंनी केले. आई विधवा, म्हणून पुढे आली नाही, आतल्या खोलीत दार लोटून बसून राहिली. ते लोटलेले दार यांनी कधी विसरले नाही. आपल्या मुलीच्या वेळी आपण दोघे जोडीने पाटावर बसायचे, हे त्यांनी तेव्हापासून मनात धरले होते. थोरल्या लेकीने रजिस्टर लग्न केले, त्यामुळे सगळी आशा धाकटीवर. लेकीला हे ठाऊक नव्हते, आणि सांगायला हे तयार नव्हते. तीन आठवडे घरात लग्नाचा विषय निघाला नाही.

मी विहीणबाईंना पत्र लिहिले. त्यांचे चार पानी उत्तर आले, शिक्षिकाच त्या. त्यांनी लिहिले होते की स्वीडिशमध्ये विवाहिताला 'यिफ्त' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ 'दिलेली' असाच आहे. जुन्या कायद्यात मुलीला 'देण्याचा' अधिकार असलेल्या पुरुषाला, बहुधा बापाला, 'यिफ्तोमान' असे खास नाव होते. त्याच्या संमतीशिवाय लग्न नाही. १७३४ च्या त्यांच्या कायदेग्रंथाचा पहिलाच भाग विवाहावर आहे आणि त्याच्या नावातही हाच शब्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सज्ञान मुलींची त्या संमतीतून सुटका झाली आणि १९२० च्या कायद्याने विवाहित बाई नवऱ्याच्या पालकत्वातूनही मोकळी झाली. देणे गेले, शब्द राहिला. आता पुरुषालाही 'यिफ्त' म्हणतात, आणि २००९ पासून दोन पुरुषांचे किंवा दोन बायकांचे लग्न झाले तरी तेही 'यिफ्त'च. कोणी कोणाला दिले, याची आठवणही कोणाला होत नाही.

पुढे त्यांनी एक गंमत लिहिली. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या विधीत पाद्री विचारतो, या मुलीला कोण देत आहे, आणि बाप पुढे होतो. स्वीडनमध्ये तशी रीत नाही, वधू-वर जोडीने चालत आत येतात. २०१० मध्ये त्यांची युवराज्ञी व्हिक्टोरिया हिने वडिलांचा हात धरून यायचे ठरवले, तर चर्चच्या लोकांतूनच मोठी ओरड झाली. शेवटी राजाने तिला निम्म्या वाटेपर्यंत आणले आणि पुढे ती आणि तिचा नवरा दोघे मिळून चालत गेले.

मी ते पत्र यांना वाचून दाखवले. आणि माझा स्वतःचा शोधही सांगितला. ग्रीक 'दोसिस' ज्या धातूपासून आला, त्याच प्राचीन धातूपासून आपल्या संस्कृतचा 'दा' आला. लॅटिनमध्ये हुंड्याला 'दोस' म्हणत, त्याचे इंग्रजीत 'डाउरी' झाले. तेही त्याच घरचे. म्हणजे कन्यादानातले दान, बाटलीवरचा डोस आणि डाउरी या सख्ख्या बहिणी. 'डोनर', 'डेटा' आणि तारखेची 'डेट'सुद्धा. यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे मी तिला डोस देणार होतो म्हण." तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी बोलले. मग मी सरळ लेकीला फोन लावला आणि साताऱ्याच्या त्या दाराबद्दल सांगितले. यांनी मला खुणेने गप्प करायचा प्रयत्न केला, मी ऐकले नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "बाबा, पाटावर बसायचं ना? तुम्ही दोघं बसा की. फक्त ते दान म्हणू नका. आणि त्याच्याही आईवडिलांना बसवा."

गुरुजींनी आधी मान हलवली. शास्त्रात असे नाही, म्हणाले. मग विचार करून म्हणाले, दानाचा संकल्प मी म्हणत नाही, नुसते पाणी सोडू. आणि वराने धर्म, अर्थ, काम यांत हिला सोडून वागणार नाही, असे 'नातिचरामि' म्हणायचे असते, ते दोघांकडूनही म्हणून घेऊ. मला ही तडजोड पसंत पडली. वचन एकट्या नवऱ्यानेच का द्यावे, हा प्रश्न मला माझ्या लग्नातही पडला होता, पण तेव्हा विचारायची सोय नव्हती.

लग्नाच्या दिवशी चौघे पाटांवर बसलो. व्याह्यांना मांडी घालता येईना, त्यांना गुरुजींनी चौरंगावर बसवले. आधी आमच्या ओंजळीतून, मग त्यांच्या ओंजळीतून मुलांच्या ओंजळीत पाणी सोडले. यांचे हात इतके थरथरत होते की निम्मे पाणी विहीणबाईंच्या मांडीवर गेले. त्या हलल्या नाहीत. दुसऱ्या हाताने त्यांनी यांचे मनगट धरून ठेवले.

सगळे गोड झाले असे मात्र मी लिहिणार नाही. आजही कोणाच्या लग्नाला गेलो आणि यथासांग कन्यादान पाहिले की हे घरी येताना गाडीत म्हणतात, "आपलं काय, नळाचं पाणी होतं ते." मी उत्तर देत नाही. लेकीलाही अजून वाटते की बाबांनी मनातल्या मनात संकल्प म्हटलाच असणार. मी यांना एकदा विचारले. ते वर्तमानपत्र वाचत होते, वाचतच राहिले.

लेक आता गोथेनबर्गलाच असते आणि आम्हाला एक नात आहे. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर २०२१ पासून तिकडे पार्सल पाठवायचे म्हणजे कस्टमचा फॉर्म भरावा लागतो. दुधातुपाचे पदार्थ चालत नाहीत, त्यामुळे लाडू बंद झाले. नातीचे फ्रॉक आणि गोष्टींची मराठी पुस्तके जातात. फॉर्मवर वस्तू कशासाठी पाठवता याचे चौकोन असतात, त्यातला एक 'गिफ्ट'चा. शेजारी फ्रेंचमध्ये 'कादो' लिहिलेले असते, तो शब्द निरुपद्रवी आहे. पोस्टाच्या खिडकीपाशी मी त्या चौकोनात फुली मारते, आणि शेजारी उभे राहून हे दर वेळी मोठ्याने वाचतात, "यिफ्त!" खिडकीतली मुलगी दर वेळी विचारते, "सॉरी?"